बारा शून्ये आणि मोटरसायकलीचा दिवा

सेतुरामाच्या मोटरसायकलीला इंजिन होते, दोन चाके होती, मागच्या माणसाला धरायला लोखंडी कडे होते आणि टाकीवर कोणा अनोळखी सैनिकाने खिळ्याने कोरलेली स्वतःची आद्याक्षरेही होती. दिवाही होता. तो लागत नव्हता.

ही गाडी लढाईत विमानातून छत्रीला बांधून खाली सोडण्यासाठी बनवलेली आहे, असे त्रिचीच्या मोडीबाजारात विकणाऱ्याने सांगितले होते. त्यामुळे ती सायकलीहून थोडीच जड होती, आणि रस्ता नसेल तेथून जाणे हाच तिचा धर्म होता. सेतुरामाला नेमके तेच हवे होते. तो कुंभकोणम् येथे शेतकी खात्यात नोकरीला होता. नाचियार्कोविलच्या बाजूच्या शेतांतून बांधाबांधाने हिंडून, जपानी पद्धतीने भात कसे लावावे हे तो अशा लोकांना शिकवीत असे, ज्यांच्या घरी चोळ राजांच्या काळापासून भातच लावीत आले होते. ते त्याचे सगळे ऐकून घेत, त्याला ताक देत आणि मग आपल्या पद्धतीने लावीत.

पंचावन्न सालचा दसरा होऊन पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा खात्याचे परिपत्रक आले. शेतांतून जाऊ शकेल असे स्वतःचे नोंदवलेले वाहन ज्यांच्यापाशी महिनाअखेर असेल, त्यांना कावेरीकाठी ठेवण्यात येईल. बाकीच्यांची बदली रामनाडकडे. रामनाडला पाणी नव्हते, म्हणून भात नव्हते, आणि भात लावण्याची कोणतीही पद्धत नव्हती. पण तेथे जागा रिकाम्या होत्या, आणि खात्याला रिकामी जागा पाहवत नाही.

सेतुराम रामनाडलाही गेला असता. बदली म्हणजे ट्रंक भरणे, एवढाच त्याचा त्या विषयातला अनुभव. प्रश्न पंकजेचा होता. ती मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवीत असे. त्या शाळेत प्रयोगाचे सामान ठेवलेले एक शिसवी कपाट होते, आणि त्याची किल्ली मिळावी म्हणून तिने तीन वर्षे अर्ज केले होते. जूनमध्ये किल्ली मिळाली. कपाटात एक कोपरा उडालेला लोलक, दोन गॅल्व्हॅनोमीटर, एक तराजू आणि भरपूर झुरळे निघाली. झुरळे काढून टाकून तिने बाकीचे ओळीने मांडले होते. ती गेली तर किल्ली शिवणाच्या बाईंकडे जाणार होती, आणि त्यांनी आत्ताच, अगदी गोड शब्दांत, कपाटात लोकरीचे गुंडे किती मावतील हे विचारून ठेवले होते.

गाड्या तपासून नोंदवणारा ब्रेक इन्स्पेक्टर दर पंधरवड्याला गुरुवारी गावात येई. या महिन्यातला त्याचा शेवटचा गुरुवार बारा दिवसांवर होता. दिवा नाही तर नोंदणी नाही.

सेतुरामाने परिपत्रक दोनदा वाचले आणि पंकजेच्या ताटाशेजारी ठेवले. “तू बी.एस्सी. आहेस,” तो म्हणाला.

“फिजिक्स घेऊन. मोटरसायकल घेऊन नव्हे.”

“वीज फिजिक्सातच येते ना?”

हे तिला प्रामाणिकपणे नाकारता येईना. येथेच तिची पहिली चूक झाली.

गाडीला बॅटरी नव्हती. इंजिनाच्या एका बाजूला चुंबक बसवलेले एक जड चाक गरगर फिरे, आणि त्याच्या आत स्टेटर नावाची न फिरणारी चकती होती. चकतीवर तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या होत्या. एक ठिणगीसाठी, एक दिव्यासाठी. दिव्याच्या गुंडाळीचे एक टोक तारेने दिव्याकडे जाई. दुसरे टोक चकतीलाच स्क्रूने आवळलेले असे, आणि दिव्यातून निघालेली वीज गाडीच्या लोखंडातून तेथे परत येई. पंकजेने हे सर्व ओसरीवर बसून आपल्या सासूबाईंना, मीनाक्षीबाईंना, समजावून सांगितले, कारण ऐकायला दुसरे कोणी नव्हते.

“म्हणजे बाहेर दिसतं ते काही नव्हे?” मीनाक्षीबाईंनी विचारले.

“नाही. सगळं महत्त्व आतल्या सांध्यांना. दोन धातू जिथे एकमेकांना टेकतात, तिथे.”

“सरी, बरं,” मीनाक्षीबाई म्हणाल्या, आणि लक्षात ठेवणाऱ्या माणसासारखी त्यांनी मान हलवली.

चाक ओढून काढायला लागणारे हत्यार पोट्रामरै तळ्याजवळच्या रेडिओवाल्या स्वामीनाथाकडून आणले. चाक निघाले. आत पाहताच पंकजेला दोष सापडला. दिव्याच्या गुंडाळीची तार जोडाच्या डागाजवळ तुटून लोंबत होती. तिने गुंडाळी सोडवली, स्वामीनाथाच्याच कावियाने कथील वितळवून डाग दिला, ओढून पाहिला, आणि गुंडाळी, स्क्रू, वायसर असे सगळे पुसून एका पाटावर मांडून ठेवले. मग ती हात धुवायला परसात गेली. दुरुस्ती संपली होती. हे तिला पुढचे नऊ दिवस कळणार नव्हते.

आता सेतुरामाच्या घराविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्याचे पूर्वज तंजावरच्या सरकारात शिलेखान्यावर होते. राजे गेले, शिलेखाना गेला, तलवारी कुठे गेल्या हे कोणी विचारीत नाही. पण दसऱ्याची रीत राहिली. दुसऱ्या घरी शस्त्राला पात्यावर गंध लावतात. यांच्या घरी सांध्यावर लावीत, कारण कोणा एका एकोजीची तलवार भर दरबारात मुजरा करताना मुठीतून निसटली होती आणि मूठ तेवढी हातात राहिली होती. तेव्हापासून सांधा हे पूज्य स्थान. शिवाय दुसरा नियम असा, की उघडलेले हत्यार पूजेवाचून मिटवायचे नाही. आता तलवारी नसल्याने ही रीत अडकित्ता, विळी, शिवणाचे यंत्र आणि सेतुरामाची सायकल यांच्यावर चाले. मोटरसायकल दसऱ्यानंतर आली, म्हणून तिची पूजा राहूनच गेली होती.

पंकजा हात पुसत परत आली तेव्हा पाटावर एक फूल होते आणि गुंडाळीवर कुंकवाचा ठिपका होता. तिने फूल उचलून केसांत घातले, ठिपका पुसला आणि गुंडाळी जागच्या जागी आवळली. गंध तिला दिसले नाही. मीनाक्षीबाईंनी ते, सांगितल्याबरहुकूम, आतल्या बाजूला लावले होते.

इंजिन पहिल्या लाथेला सुरू झाले. दिवा लागला नाही.

“बल्ब गेला असेल,” सेतुराम म्हणाला. बल्ब विजेरीच्या सेलवर लावून पाहिला. लागला.

“काच पुसलीत का?” भिंतीपलीकडून मुकुंदरावांनी विचारले. शेजारचे मुकुंदराव तीस वर्षे रेल्वेत सिग्नलच्या दिव्यांवर देखरेख करून निवृत्त झाले होते. ते सगळे दिवे घासलेटचे होते; पण दिवा तो दिवा, असे त्यांचे मत होते.

“काच स्वच्छ आहे, मुकुंदराव.”

“मग कळवलंत कोणाला?”

“कोणाला कळवायचं?”

“हेच चुकतं,” मुकुंदराव म्हणाले. “आमच्या वेळी दिवा विझला की पहिल्याने वर लिहीत असू. वरून उत्तर येईतो निम्मे दिवे आपोआप लागत.”

पंकजेने पुन्हा चाक काढले. गुंडाळी सोडवली. पाटावर ठेवली. गुंडाळी उघडलेले हत्यार असल्याने मीनाक्षीबाईंनी पूजा केली. पंकजेने डाग पुन्हा दिला, गुंडाळी बसवली. दिवा नाही.

मग गुंडाळी स्वामीनाथाकडे गेली. त्याने ती उजेडात फिरवून पाहिली, कानाला लावली, आणि म्हणाला, “कॉइल चांगली आहे, अम्मा. पण तुम्ही म्हणत असाल तर वाईट म्हणतो.”

“मी काय म्हणते त्याचा काय संबंध?”

“गिऱ्हाईकाच्या मनात नसेल तर रेडिओसुद्धा दुरुस्त होत नाही, अम्मा.”

त्याने ती सगळी उलगडून नव्या तारेने पुन्हा गुंडाळून दिली. नवी वस्तू घरात आली म्हणून मीनाक्षीबाईंनी या वेळी गंध जरा सढळ हाताने लावले, आणि स्क्रूच्या भोकांतही काडीने घातले, कारण मागच्या दोन खेपांना तेथे राहून गेले होते आणि दिवा लागत नव्हता तो त्यामुळेच तर नसेल, अशी त्यांना रुखरुख होती. दिवा लागला नाही. त्यांची रुखरुख वाढली.

यानंतर पंकजेने स्टेटरपासून दिव्यापर्यंतची तार बदलली, मग बटण, मग बल्बची वाटी. प्रत्येक वस्तू पाटावरून गेली. इंजिन मात्र मोठ्या आनंदात चाले. ठिणगीच्या गुंडाळीला हात लावायची वेळच आली नव्हती, म्हणून ती तेवढी पूजेवाचून राहिली होती.

आठव्या दिवशी पंकजा आमटी वाढत असताना सेतुरामाने फक्त विचारले, “त्रिचीला तुमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल असायचं ना?” प्रश्न साधा होता. पंकजेने तो रात्री दहापर्यंत मनात ठेवला आणि मग सकाळी उठून एक गुन्हा केला.

शाळेचे सामान शाळेबाहेर नेऊ नये, असा नियम कपाटाच्या दारावर तिच्याच अक्षरात लावलेला होता. तिने दोनपैकी एक गॅल्व्हॅनोमीटर टॉवेलात गुंडाळला आणि डब्याच्या पिशवीत घालून घरी आणला. बारीकशी वीज गेली तरी त्याचा काटा हलतो. तारेचे एकेक टोक जोडत गेले की कोठे वीज अडते ते कळणार होते. हे आधीच केले पाहिजे होते. पण आधी ती प्रामाणिक होती.

तिने तो पाटावर ठेवला, तारा लावण्यासाठी त्याचे पितळी स्क्रू सोडून ठेवले, आणि शाळेचे लुगडे बदलून चहा घ्यायला आत गेली.

तासाभराने तिच्या वहीत बारा नोंदींचा तक्ता तयार झाला. सेल आणि गुंडाळी: शून्य. सेल आणि नवी तार: शून्य. बटण: शून्य. बल्ब: शून्य. चकती ते इंजिन: शून्य. अकराव्या नोंदीला तिने स्वतःची तांब्याची पळी जोडून पाहिली, आणि बाराव्या नोंदीला मंगळसूत्र. शून्य. तक्ता नेटका होता, रेघा पट्टीने मारलेल्या होत्या, आणि त्यातून निष्कर्ष एकच निघत होता, की कुंभकोणम् गावात तांबे, पितळ, लोखंड आणि सोने यांनी वीज वाहणे थांबवले आहे.

पंकजेने निष्कर्ष लिहिला. मग तो पुन्हा एकदा वाचला.

दरवर्षी हायस्कुलाच्या चौथ्या फॉर्ममधल्या मुलींना ती पहिल्या तासाला एक गोष्ट फळ्यावर लिहून देई आणि वहीत तीनदा लिहायला लावी: आधी उपकरण तपासा. तिने सेलच्या दोन्ही तारा सरळ गॅल्व्हॅनोमीटरला टेकवल्या. काट्याने उडी मारायला हवी होती. तो देवळातल्या नंदीसारखा बसून राहिला. तिने पितळी स्क्रू सोडवला, खाली पाहिले, नखाने खरवडले आणि नख नाकाजवळ नेले. चंदनाचा वास आला.

ओले गंध थोडीफार वीज जाऊ देते. वाळलेले अजिबात नाही. हे तिला माहीत नव्हते असे नाही. तिला कोणी विचारले नव्हते.

गुंडाळी सोडवून पाहिली तर तिच्या दोन्ही लोखंडी पायांखाली जुन्या नाण्याएवढ्या पिवळ्या वड्या जमलेल्या. वाटीत, बटणात, तारेच्या प्रत्येक टोकाला, जेथे म्हणून धातू धातूला टेकत होता तेथे, अत्यंत बारकाईने, एकही जागा न सोडता गंध लावलेले होते. इतके पद्धतशीर काम पंकजेने आपल्या एकाही विद्यार्थिनीकडून कधी पाहिले नव्हते.

आता गंध पुसून दिवा लावणे दहा मिनिटांचे काम होते. पण गुंडाळी उघडलेली होती, आणि ती पूजेवाचून मिटणार नव्हती. म्हणजे सासूबाईंना सांगणे आले.

“तुम्ही सांगा,” ती सेतुरामाला म्हणाली.

“मी?” सेतुराम म्हणाला. “मी तिचा एकुलता एक मुलगा आहे.”

हा युक्तिवाद कोठे चुकतो ते पंकजेला सापडले नाही. दोन दिवस तिने विचारात घालवले. वहीत मुद्दे काढले. पहिला मुद्दा: रीत चांगलीच आहे. दुसरा: तलवारीत वीज नसते. तिसरा तिने तीनदा लिहून खोडला. एकदा तिने फार आडून, विषय गोविंदपुरम्‌च्या मठातल्या गंधावरून काढला. मीनाक्षीबाईंनी तेथील उगाळण्याची पद्धत, सहाण कोणत्या दगडाची आणि गेल्या एकादशीला भजनाला कोणाचा आवाज लागला नाही हे सगळे सविस्तर सांगितले, आणि विषय तेथून परत आला नाही. मुकुंदरावांनी भिंतीवरून कळवले, की दिव्यासंबंधी त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर रेल्वेला एक पत्र टाकले आहे.

बुधवारी दुपारी पंकजा स्वयंपाकघरात गेली आणि मुद्दे न पाहता बोलली. “आई, सांध्याच्या आत गंध गेलं की वीज अडते. म्हणून दिवा लागत नाही.”

मीनाक्षीबाई चिंच भिजत घालीत होत्या. “मग आत कशाला लावायचं? बाहेरून लावू. तलवारीलाही बाहेरूनच लावत.”

“मग आत का लावलंत?” पंकजेने विचारले.

“तूच म्हणालीस ना गे,” मीनाक्षीबाई म्हणाल्या, “बाहेर दिसतं ते काही नव्हे, सगळं महत्त्व आतल्या सांध्यांना. मला काय, बाहेर सोपं. आत काडी घालता घालता माझे डोळे गेले. म्हटलं, शिकलेली मुलगी सांगते आहे.” त्यांनी हात पुसले. “दहा दिवस झाले. सांगायचं नव्हतं का?”

पंकजेने घासलेट आणि पॉलिश-कागद घेऊन सगळे सांधे लखलखीत केले, मीनाक्षीबाईंनी बाहेरून एकेक बोट गंध लावले, सेतुरामाने लाथ मारली आणि दिवा लागला. भर दुपारी तो नीट दिसेना, पण भिंतीपलीकडून मुकुंदराव म्हणाले, “पत्र पोचलं वाटतं.”

गुरुवारी ब्रेक इन्स्पेक्टर शेषाद्री तालुका कचेरीसमोरच्या चिंचेखाली टेबल टाकून बसले होते. बारीक अंगाचे, छत्रीवाले, आणि नियमाचे कलम बोटाने दाखवल्याशिवाय न बोलणारे गृहस्थ. त्यांनी गाडीला एक फेरी घातली.

“दिवा लावा.”

सेतुरामाने इंजिन सुरू करून दिवा लावला. शेषाद्रींनी त्याच्याकडे वाकून पाहिले, मग सूर्याकडे पाहिले. “लागला आहे की नाही हे मला सांगता येत नाही,” ते म्हणाले. “अंधारात दाखवा. मी एकपर्यंतच आहे.”

बारा वाजले होते. गावात बारा वाजता अंधार असणारी एकच जागा पंकजेला सुचली, ती म्हणजे समोरच्या राइस मिलचे कोठार. मिलवाल्याने पोती बाजूला करून वाट दिली. मोटरसायकल, सेतुराम, शेषाद्री आणि त्यांची छत्री आत गेली. पंकजा मागून गेली, आणि दार ओढून घेतले. धुराने आणि कोंड्याने सगळ्यांना खोकला आला. दिवा लागला. पिवळा, मिणमिणता, पोत्यावरची अक्षरे लावायला पुरेसा.

“मंद आहे,” शेषाद्री म्हणाले.

सेतुरामाने पंकजेकडे पाहिले. पंकजेला पुढे व्हावे लागले. “इंजिन हळू चालतंय, सार्. चाक जितकं जोरात फिरेल तितकी वीज जास्त. वेग वाढला की उजेड वाढतो.”

शेषाद्रींनी हे मनात नीट मांडले. “म्हणजे समोरचं दिसायला हवं असेल तर वेगात जायचं.”

“होय, सार्.”

“आणि वेगात जायचं तर आधी समोरचं दिसायला हवं.”

“होय, सार्.”

“खड्डा असेल तर?”

“खड्ड्यात फार चांगलं दिसेल,” पंकजा म्हणाली. तिला खोटे बोलता येत नसे.

“वेग वाढवून दाखवा,” शेषाद्री म्हणाले.

दहा दिवस सेतुरामाने या गाडीपायी सगळ्यांचे ऐकून घेतले होते. त्याने मूठ पुरती पिळली. कोठार उजळत गेले. पोती दिसली, तुळया दिसल्या, तुळईवरची वटवाघळे आणि शेषाद्रींच्या चष्म्यावरची धूळसुद्धा दिसली. सगळे पांढरेशुभ्र झाले, आणि फट् असा बारीक आवाज होऊन पूर्ण काळोख झाला. बल्ब गेला होता. दुसरा नव्हता.

सेतुरामाने इंजिन बंद केले. पंकजेच्या डोळ्यांपुढे कपाटातले लोकरीचे गुंडे रंगांसकट आले.

“लागतो,” अंधारातून शेषाद्रींचा आवाज आला. “मी पाहिलं. कलमात दिवा लागला पाहिजे असं आहे. किती वेळ, ते दिलेलं नाही.”

बाहेर येऊन त्यांनी कागदावर शिक्का मारला, आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश, वळणदार इंग्रजीत काही लिहिले. सेतुरामाने ते चिंचेखालीच वाचले आणि त्याचा चेहरा उतरला. शेरा असा होता: ‘दिवा लागतो. मात्र तो कसा लागतो हे समजावून सांगणारी व्यक्ती कुंभकोणम् येथे राहते. सबब हे वाहन कुंभकोणम् तालुक्याबाहेर नेऊ नये.’

“हा अपमान आहे,” घरी जाताना सेतुराम म्हणाला. गाडी तो ढकलत नेत होता. “या गाडीने ब्रह्मदेश पाहिला असेल. आणि तिने पापनाशम्‌ची हद्द ओलांडायची नाही? अशा वाहनावर खातं मला कुठेही पाठवू शकत नाही. जन्मभर इथेच.”

पंकजेने कागद मागून घेतला आणि चालता चालता तीनदा वाचला. इतके स्वच्छ आणि निःसंदिग्ध गद्य तिने सरकारी कागदावर पूर्वी वाचले नव्हते.

“याच्याविरुद्ध वर अर्ज करता येतो,” सेतुराम म्हणाला. “तीस दिवसांच्या आत. मी आजच लिहितो.”

“मी लिहिते,” पंकजा म्हणाली. “तुम्ही रागात आहात. रागात तुमचं इंग्रजी लांबतं.”

ते त्याला पटले. त्या संध्याकाळी दप्तर पुढे ओढून, टाकाला नवे निब लावून, तिने अर्जाला सुरुवात केली. ‘महाशय’ असे लिहिले, स्वल्पविराम दिला, आणि पुढचा शब्द नेमका कोणता असावा याचा एकतिसाव्या दिवसापर्यंत अत्यंत काळजीपूर्वक विचार केला.